भिवापूरहून घंटी आली नाही

नागभीडला मी ज्या घरात बारा वर्षं भाड्यानं राहिले, त्या घराच्या आतल्या दोन भिंतींना भोकं होती. पडलेली नाहीत, पाडलेली. फूटपट्टी लावून, छिन्नीनं, चौकोनी. खोली पाहायला गेले तेव्हा मला वाटलं मांजरासाठी केली असतील, आणि माझी जीभ कुठे थांबते! मी तसं बोलून गेले. घरमालक असे दुखावले की खोली हातची जाते की काय असं झालं. म्हणाले, "सिस्टर, मांजर दरवाज्यातून जाते. हे गाडीसाठी आहे."

मी सरकारी दवाखान्यात नर्स. वेड्यांची मला सवय आहे. वरच्या दोन खोल्या हवेशीर होत्या, नळाला पाणी होतं, म्हणून हो म्हटलं.

घरमालकांना सगळं गाव भाऊ म्हणायचं, त्यांच्या बायकोला बाई. मीही तेच म्हणू लागले. नागपूरहून नागभीडला जी छोटी लाईन यायची, अरुंद रुळांची, त्या लाईनवर भाऊ स्टेशन मास्तर होते. रिटायर झाल्यावर माणसं शेती पाहतात, नातवंडं खेळवतात, नाहीतर चौकात बसून सरकारला शिव्या देतात. यांनी घरात लाईन टाकली. पुढच्या खोलीत नागभीड. मधल्या खोलीत धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि जंगल. मागे स्वयंपाकघराला लागून कोठीची खोली होती, तिथे भिवापूर. टेबलांवर सागवानी फळ्या, फळ्यांवर हातानं ठोकलेले रूळ, आणि त्यावर धावणारं वीतभर इंजिन, तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेलं. भिवापूरच्या पुढे घर संपत होतं, म्हणून लाईनही संपत होती.

"मग नागपूर?" मी एकदा विचारलं.

"नागपूर मागच्याच्या वाडीत पडते," भाऊ म्हणाले. "तो जागा देत नाई."

हे गमतीत नव्हतं. त्यांनी खरंच त्या मागच्या शेजाऱ्याला, तुझ्या परसातून लाईन नेऊ का, असं विचारलं होतं.

आता त्यांचा नियम सांगते, कारण पुढे जे झालं ते सगळं त्या नियमानं झालं. खऱ्या लाईनवर रूळ एकच. दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी. म्हणून या स्टेशननं गाडी सोडायच्या आधी पुढच्या स्टेशनाला विचारायचं, आणि त्यानं 'पाठवा' म्हटलं की मगच सोडायची. भाऊंनी घरात दोन्हीकडे घंटी बसवली होती. पुढच्या खोलीतून दोन ठोके, म्हणजे 'गाडी पाठवू का?' मागच्या खोलीतून दोन ठोके, म्हणजे 'पाठवा'. मागून घंटी आली नाही तर गाडी जागची हलायची नाही. आणि गाडी हलत नाही तोवर मास्तरही हलायचा नाही.

"उत्तर येईस्तोवर जागा सोडाची नाई," भाऊ म्हणायचे. "तुम्ही जागा सोडली आन तेवढ्यात उत्तर आलं, त? कोन घेईन?"

मागच्या खोलीत, भिवापूरला, स्टुलावर कोण बसायचं? बाई. दर रविवारी दहा ते एक. गाडी आली की तिला थांबवायचं, उलटं फिरवायचं, परत विचारायचं, परत पाठवायचं. फोडणी करून यायचं, घंटी द्यायची, परत फोडणीकडे जायचं. भात उतू गेला तर वहीत नोंद व्हायची नाही, पण घंटीला दोन मिनिटं उशीर झाला की भाऊ लिहायचे: 'भिवापूर, उत्तर दोन मि. उशिरा.' कारणाच्या रकान्यात 'भात'.

वही म्हणजे त्यांचा श्वास. पोरीच्या लग्नात वऱ्हाड पाऊण तास उशिरा आलं. मांडवात सगळे घामाघूम, पोरीचा जीव टांगणीला, आणि हे खिशातून वही काढून लिहितायत: 'उशीर पंचेचाळीस मि. कारण: वरपक्ष.' व्याह्यांनी डोकावून वाचलं. पुढे दोन वर्षं त्या घराशी बोलणं नव्हतं. पोरीला त्याचं काय काय ऐकावं लागलं ते तिलाच माहीत.

रविवारी दहा ते एक मिक्सर लावायचा नाही, ही मला खोली देतानाची अट. मिक्सर लावला की वोल्टेज पडायचं आणि गाडी बांधीत उभी राहायची. मी तीन रविवार चटणी पाट्यावर वाटली. चौथ्या रविवारी मुद्दाम मिक्सर लावला. भाऊ वर आले, दाराशी उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "सिस्टर, गाडीत माणसं आहेत." मी दार लावून घेतलं. पण मिक्सर बंद केला, हेही खरं.

बोलायचं कामच नव्हतं त्या घरात. चहा हवा, दोन ठोके. जेवण तयार, दोन ठोके. मला सुरुवातीला गंमत वाटायची, नंतर चीड यायला लागली. चाळीस वर्षांचा संसार आणि नवराबायको भिंतीतल्या भोकातून घंटीवर बोलतात! एकदा बाईंना मी म्हटलंच, "बाई, तुम्हाला आवडतं का हो हे?"

बाई वाळलेल्या दोडक्याची जाळी कातरत बसल्या होत्या. जाळी हिरव्या रंगात बुडवायची, काडीला चिकटवायची, झाड तयार. त्या लाईनवरची सगळी झाडं बाईंनी केलेली, शेकड्यानं. म्हणाल्या, "आवडाचं काय आहे त्याच्यात. मानूस घरी तरी आहे."

मग थोड्या वेळानं, कातर न थांबवता: "भिवापूर मी इतकी वर्सं सांभाळून राह्यली. पन खऱ्या भिवापूरले पाय नाई ठेवला बरं मी. गाडीतून पाह्यलं. म्हटलं, एक डाव उतरू, तिथची मिरची घेऊ. तर हे म्हनत, तिथी आपलं काय काम?"

फुकटचा पास असलेल्या माणसाची बायको. तासा-दोन तासाच्या अंतरावरचं गाव. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मी नेते तुम्हाला," मी म्हटलं. "पुढच्या महिन्यात सुट्टी टाकते." टाकली नाही. त्या महिन्यात दवाखान्यात डेंग्यूची साथ होती, त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी काही. असंच असतं आपलं.

मग तो रविवार.

माझी रात्रपाळी होती. सकाळी येऊन अंघोळ केली आणि आडवी झाले. अकराच्या सुमाराला घंटीनं जाग आली. दोन ठोके. थोडं थांबून परत दोन ठोके. परत. बाईंनी उत्तर दिलं की घंटी बंद व्हायची, त्या दिवशी होईना. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, चला, बाईंनी शेवटी संप केला. बरं झालं. वाजव म्हटलं म्हाताऱ्या, वाजव. आणि मी उशी कानावर घेतली.

पाऊण तासानं घंटी चालूच, तेव्हा मी तणतणत खाली गेले. पुढच्या खोलीत भाऊ ताठ बसलेले. गाडी नागभीडला उभी. बोट घंटीवर. चेहरा घामानं डबडबलेला. मला पाहून म्हणाले, "भिवापूरहून घंटी नाई आली."

मी मागे पळाले. बाई स्टुलावरून पडून पालथ्या होत्या. लकव्याचा झटका आला होता, उलटी झाली होती आणि ती श्वासात गेली होती. ओठ निळे. मी त्यांना कुशीवर वळवलं, तोंड साफ केलं, ओरडले, दवाखान्याची गाडी मागवली. बाई तीन दिवस जगल्या, नागपूरच्या दवाखान्यात. छातीत गेलेल्या उलटीनं गेल्या, लकव्यानं नव्हे. कोणत्याही नर्सला विचारा. कोणी वेळेवर येऊन त्यांना नुसतं कुशीवर वळवलं असतं ना, तर बाई उठल्या असत्या. अर्धं अंग लुळं राहिलं असतं कदाचित. पण उठल्या असत्या.

भिंतीपलीकडे, पंचवीस पावलांवर, माणूस बसला होता. त्याचा संसार त्या खोलीत मरत होता आणि तो नियम पाळत होता.

नागपूरला दवाखान्याच्या बाकावर भाऊंनी मला एकच विचारलं. "सिस्टर, मी लगेच उठलो असतो, त?"

"काही फरक पडला नसता, भाऊ," मी म्हटलं. "झटकाच मोठा होता."

नर्सचं तोंड असं खोटं रोज बोलतं. कोणासाठी बोलले, तेव्हा मी तपासलं नाही. त्यांच्यासाठी, असं मी स्वतःला सांगितलं.

तेरवी झाली. भाऊंनी मागच्या दोन्ही खोल्यांना कुलूप घातलं, नागभीडचं टेबल चादरीनं झाकलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. "तुमच्यापाशी ठेवा. मी मांगतली तरी देजा नोका." नऊ वर्षं त्यांनी मागितली नाही. नऊ वर्षं मी त्यांच्या भाकरी केल्या, त्यांची बीपीची गोळी पाहिली, आणि ते बाहेर ओसरीवर बसून रस्त्याकडे पाहत राहिले. माझा नवरा गडचिरोलीला त्याच्या दुसऱ्या संसारात होता, मला कुठे जायचं नव्हतं. लोक म्हणायचे, सिस्टर किती करते हो म्हाताऱ्याचं! मी मान खाली घालून जायची. करत नव्हते, फेडत होते.

मग छोटी लाईन बंद झाली. मोठी लाईन होणार म्हणून जुने रूळ उपटायला लागले. भाऊ रोज काठी टेकत पाहायला जायचे. एक दिवस परत आले, हातात गंजका खिळा, रुळाला ठोकतात तो, वीतभर. तो त्यांनी देवळीत ठेवला आणि माझ्यापुढे हात केला.

"किल्ली."

"भाऊ, तुम्हीच म्हणाले होते, देऊ नका."

"तवा खरी लाईन होती," ते म्हणाले. "आता माह्याच घरी आहे. बंद नाई ठेवता येत."

कुलूप उघडलं तर काय सांगू! धानाच्या बांध्यांत उंदरांची बाळंतपणं झालेली. वाळवीनं फळ्या पोखरलेल्या. इंजिनातला रबराचा पट्टा वितळून काळा गोंद झालेला. बाईंच्या झाडांवर बोटभर धूळ. भाऊंनी एकेक झाड काढून बादलीत धुतलं, सगळा रंग गेला, पांढरी जाळी उरली. ती तशीच परत लावली. "उन्हाळा समजा," म्हणाले. मला रडू येणार होतं, हसू आलं.

आणि मग हा माणूस जो पेटला! नऊ वर्षांत जग कुठल्या कुठे गेलं होतं. मुंबईचं जे दुकान पोस्टकार्ड टाकलं की सामान पाठवायचं ते बंद पडलेलं. त्याच्या फोन नंबरवर आता कोणीतरी केक विकत होतं. भाऊंनी त्यालाही पाऊण तास विचारलं की छोटी मोटर कुठे मिळेल. पोरीनं बंगळुरूहून मोबाईल पाठवला आणि कुठल्याशा ग्रुपमध्ये घालून दिलं. देशभरातले छोट्या गाड्यांचे शौकीन तिथे. डॉक्टर, इंजिनिअर, शाळेतली पोरं. भाऊंनी पहिलाच मेसेज टाकला, दीड पान, 'सविनय निवेदन की' पासून 'आपला आज्ञाधारक' पर्यंत. खाली गाडी चालवायच्या जुन्या कंट्रोलचा फोटो. एका पोरानं उत्तर दिलं: 'काका, हे म्युझियमला द्या.' खाली हसरी तोंडं.

भाऊंनी मला विचारलं, "ही पिवळी तोंडं काऊन पाठवली यायनं?"

"कौतुक आहे, भाऊ," मी म्हटलं. दुसरं खोटं.

पण त्यांचं शिकणं पाहायला हवं होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा तो पीळ. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस सकाळी सहाला चष्मा लावून बसायचा आणि वहीत लिहायचा. पूर्वी रुळातली वीज कमीजास्त केली की गाडी कमीजास्त पळायची, एका रुळावर दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही पळायची. आता म्हणे प्रत्येक इंजिनाच्या पोटात नखाएवढी चिप. प्रत्येकाला नंबर. तुम्ही नंबर दाबला की तेवढंच पळणार, बाकीची ऐकणार नाहीत. "म्हणजे आपल्या दवाखान्यातल्यासारखं नाई," भाऊ म्हणाले. "तिथी एकाले हाक मारली की सारे उठते." इंजिनातून आवाज येतो, भोंगा, वाफ, ब्रेकचं कण्हणं. पहिल्यांदा तो भोंगा घरात वाजला तेव्हा भाऊ खुर्चीतून उठून उभे राहिले. ड्युटीवर असल्यासारखे.

आणि स्टेशनं आता छापून मिळतात! मशीन प्लास्टिकचा धागा सोडतं आणि पूर्ण इमारत उभी करतं. भाऊंनी जुन्या भिवापूरची मापं पाठवली, पंधरा दिवसांत पार्सल आलं. वीट न वीट बरोबर. ते संध्याकाळभर त्याच्याकडे पाहत बसले.

"कसं आहे?" मी विचारलं.

"चूक नाई याच्यात कुठीच."

"मग बरंय ना."

"भिवापूरच्या तिकीट खिडकीची कडी तुटकी होती. कवा दुरुस्त झाली?" असं म्हणून त्यांनी नखानं ती प्लास्टिकची कडी मोडली.

सगळं नवं झालं, पण घंटी त्यांनी काढली नाही. आणि एका रविवारी ओशाळून मला म्हणाले, "सिस्टर, भिवापूर रिकामं आहे."

मी नाही म्हणायला हवं होतं. त्या स्टुलावर बसायचं? जिथून त्या पडल्या? पण मी बसले. आणि आता लाज सोडून सांगते, मला आवडायला लागलं. दवाखान्यात मला कोणी विचारत नाही. हे करा, ते आणा, इंजेक्शन द्या. नवऱ्यानं घर सोडलं तेव्हाही विचारलं नव्हतं. आणि इथे भिंतीपलीकडून दोन ठोके यायचे: पाठवू का? मी हो म्हणेपर्यंत एवढीशी गाडी थांबून राहायची. मी मुद्दाम जरा वेळ लावायची. मग दोन ठोके. मग रूळ थरथरायचे, भोकातून दिवा दिसायचा. रविवारी ड्युटी लागू नये म्हणून मी मेट्रनच्या हातापाया पडायला लागले होते.

मनात मात्र एक किडा वळवळत होता. एखाद्या रविवारी मी घंटी दिली नाही तर हा माणूस उठेल का? नऊ वर्षं रस्त्याकडे पाहत याला काही समजलं का? बाईंच्या जागी बसून बाईंसाठी एवढं विचारायचा हक्क मला आहे, असं मला वाटत होतं.

एका रविवारी मी ते केलं. दोन ठोके आले. मी हात मांडीवर ठेवले.

परत दोन ठोके. घड्याळात अकरा वाजून दहा. तिसऱ्यांदा. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. उठला! पावलं वाजली. मी दाराकडे पाहत राहिले. मला खरंच वाटलं, आता भाऊ दारात येतील, 'काय झालं सिस्टर' म्हणतील, आणि माझ्या डोक्यावरचं काहीतरी उतरेल.

पावलं कपाटापाशी थांबली. खुर्ची परत सरकली. बटण दाबल्याचा बारीक आवाज. आणि भोकातून दिवा दिसला. माझी घंटी न घेता गाडी आली, माझ्यासमोर थांबली, भोंगा दिला, आपोआप उलटी फिरली आणि निघून गेली.

पुढून भाऊंचा आवाज आला, खुशीतला. "सिस्टर, गेली का?"

मी पुढे गेले. टेबलावर एक नवीन काळी डबी होती, चार दिवे लुकलुकत होते.

"ग्रुपवाल्या पोरायनं सांगतलं," भाऊ म्हणाले. "पल्याडच्या टोकाले कोनी नसलं, तरी मशीनच पाहून घेते लाईन मोकळी आहे का. तुमाले दवाखान्याचा फोन आला असन म्हटलं, म्हणून त्याच्यावर टाकलं. आता कोनासाठी थांबाले नाई लागत."

माझ्या डोक्यात रक्त चढलं. "उठून पंचवीस पावलं मागे आले असते, भाऊ! मी तिकडे मरून पडले असते तर?"

त्यांनी डबीकडे पाहिलं.

"ऐका मग. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. त्या दिवशी तुम्ही लगेच उठले असते तर बाई वाचल्या असत्या. नुसतं कुशीवर वळवायचं होतं. बाई आज या घरात असत्या."

इतक्या वर्षांचं एका दमात बाहेर पडलं. मला वाटलं ते कोसळतील. ते कोसळले नाहीत. हात लांब करून त्यांनी गाडी थांबवली, चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला.

"मले मालूम आहे," ते म्हणाले. "त्याच दिवशी मालूम होतं. नागपूरच्या डॉक्टरनं सांगतलं मले, तुम्ही पानी आनाले गेल्या होत्या तवा."

"मग हे मशीन? परत तेच?"

"घंटी नाई आली की माहे पाय उचलत नाई, सिस्टर. आता अलमारीपर्यंत गेलो, तेवढंच झालं. त्या दरवाज्यातून मांगं पाहाची हिंमत नाई माह्यात. म्हणून मशीन."

मी जिन्याकडे वळले. पण त्यांचं झालं नव्हतं. चष्मा लावून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, तेच तर वाईट.

"घंटी वरतं आयकू जाते. बाई मले नेहमी म्हने, सिस्टरची रातपाळी असली की हळू वाजवत जा, तिची झोपमोड होते. त्या दिवशी मी जोरानं वाजवत होतो. पाऊन घंटा. मी तुमाले कधी इचारलं नाई."

मी वर गेले. सोमवारी बदलीचा अर्ज दिला, जागा लिहिली मुलचेरा, पार जंगलातलं. तिकडे जायला कोणी तयार नसतं. आठ दिवसांत ऑर्डर आली.